पाणी पिण्यायोग्य नाही : पवई तलावाचं प्रकरण

जूनचा शेवट किंवा जुलैची सुरुवात आली की मुंबईत एक बातमी ठरलेली असते : पवई तलाव ओसंडून वाहू लागला. महापालिकेच्या निवेदनात तलावाचा सगळा जन्मदाखला असतो. बांधकाम १८९० मध्ये पूर्ण, त्या वेळचा खर्च १२ लाख ५९ हजार रुपये, पाणलोट क्षेत्र ६.६१ चौरस किलोमीटर, तलाव भरला की पाण्याचा पसारा २.२३ चौरस किलोमीटर, क्षमता ५४५.५ कोटी लीटर. मग शेवटची ओळ येते. हे पाणी पिण्यायोग्य नसल्याने ते उद्योगांना आणि आरे दुग्ध वसाहतीत पिण्याखेरीज इतर कामांसाठी दिलं जातं.

पाणकपातीच्या धास्तीत असलेला माणूस पहिल्या ओळीवर खूश होतो आणि शेवटच्या ओळीवर चहाचा कप खाली ठेवतो. मुंबईला पाणी पुरवणारे तलाव सात : अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. त्यात पवई नाही. तरीही तो भरल्याची बातमी दर वर्षी येते, कारण बांधला होता तो पिण्याच्या पाण्यासाठीच.

पिण्यासाठी बांधलेला तलाव पिण्यातून बाद होतो तेव्हा त्याचं पुढे काय होतं, हे या प्रकरणातून पाहायचं आहे. एरवी अशी तुलना करणं अवघड असतं. इथे मात्र शेजारीच, त्याच डोंगरांमध्ये आणि त्याच मिठी नदीवर विहार तलाव आहे, आणि तो आजही शहराला पाणी देतो. एकाच घरातल्या दोन भावांची दैवं वेगळी निघावीत, तसं हे आहे.

विहारपासूनच सुरुवात करू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई बेटाची तहान विहिरी आणि तळ्यांवर भागत होती. धोबीतलाव, गोवालिया टँक, दोन टाकी ही नावं उरली आहेत, पाणी गेलं. १८४५ मध्ये पाण्यावरून लोकांनी ओरड केली, सरकारने समिती नेमली. १८५४ च्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या आणि मिठीचं खोरं अडवण्याची कल्पना कागदावरून जमिनीवर आली. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याची ती योजना. १८५६ मध्ये काम सुरू झालं आणि दशक संपता संपता विहारचं पाणी बिडाच्या नळातून बेटावर पोचलं. खर्च ६५ लाखांच्या घरात. तेव्हाचा रुपया डोळ्यांपुढे आणला की आकड्याचं वजन कळतं. नळाचं पाणी म्हणजे काय ते मुंबईला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

ते पुरेसं मात्र कधीच झालं नाही. १८७२ मध्ये विहारच्या बांधाची उंची वाढवली. १८७९ मध्ये वरच्या अंगाला तुळशी बांधला. १८८१ च्या जनगणनेत शहराची वस्ती ७,७३,१९६ होती आणि गिरण्यांची धुराडी वाढतच होती. सालसेटच्या, म्हणजे साष्टी बेटाच्या, डोंगरातल्या छोट्या खोऱ्यांवर आता भागणार नाही, हे उमगल्यावर महापालिकेने दूरच्या शहापूर तालुक्यातला तानसा हाती घेतला. एवढं मोठं धरण आणि एवढी लांब नळवाहिनी एका-दोन वर्षांत होत नसते. तानसा येईपर्यंत शहराने प्यायचं काय?

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून १८८९ मध्ये पवईचा निर्णय झाला.

निर्णय कसल्या घाईत झाला असेल ते नकाशा पाहिला की समजतं. जागा विहारच्या दक्षिणेला आणि खालच्या अंगाला. दोन टेकड्यांमधून मिठीला मिळणारा एक ओढा. त्यावर साधारण १० मीटर उंचीचे बांध घातले की खोलगट जमिनीत पाणी पसरणार. फार खोदायला नको, लांबून नळ आणायला नको. दिवसाला २० लाख गॅलन, म्हणजे सुमारे ९० लाख लीटर पाणी मिळावं अशी अपेक्षा होती. आजच्या मापात हे किरकोळ वाटेल, पण टंचाईत उभ्या असलेल्या शहराला एका मोसमात हाती येणारं दिवसाचं ९० लाख लीटर पाणी किरकोळ नव्हतं.

ही जागा कुणाची होती, तेही सांगायला हवं. पवईची इस्टेट १८२९ पासून फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी व्यापाऱ्याकडे होती. या गृहस्थाने तिथे रेशमासाठी तुतीची झाडं लावली, ऊस लावला, आमराया वाढवल्या. १८३८ मध्ये पवईच्या बागेतले आंबे त्याने व्हिक्टोरिया राणीला बोटीने धाडले. हापूसच्या निर्यातीची ही बहुधा सगळ्यात धाडसी खेप असावी, कारण तेव्हा सुएझचा कालवा नव्हता. याच फ्रामजींचं नाव धोबीतलावाच्या तळ्यालाही होतं. बेटावरच्या पाण्याशी ज्याचं नाव जोडलेलं, त्याच्याच जुन्या इस्टेटीत पुढे शहराचा तलाव झाला. फ्रामजी तो पाहायला नव्हते, १८५१ मध्येच ते वारले होते.

तर तलाव झाला, पाणीही साठलं, आणि ते पाणी चांगलं निघालं नाही.

या एका वाक्यात पवईची पुढची सव्वाशे-दीडशे वर्षं आहेत, म्हणून इथे जरा थांबू. तलावाची खोली काठाकडे ३ मीटरच्या आसपास आणि सगळ्यात खोल जागी १२ मीटरच्या आसपास होती. उथळ, पसरट तलावाचे भोग ठरलेले असतात. ऊन तळापर्यंत पोचतं, पाणी तापतं, शेवाळ माजतं. पाण्याखाली गेलेली जमीन शेताची आणि बागेची असेल तर पहिली काही वर्षं तिथला पालापाचोळा, मुळं आणि खतावलेली माती कुजत राहते. कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मग वास येतो, रंग येतो. क्लोरीन घालून पाणी निर्धोक करण्याची पद्धत जगात रुळायला अजून दोन दशकं जायची होती. अशा पाण्याला तेव्हा दोनच उपाय होते : थांबणं, नाहीतर सोडून देणं. थांबण्याची गरज लवकरच संपली. १८९२ मध्ये तानसाचं पाणी मुंबईत आलं. तानसाच्या पाण्यापुढे पवईच्या बेचव पाण्यासाठी कोण भांडणार? तात्पुरती सोय म्हणून बांधलेला तलाव सोय म्हणूनसुद्धा फार टिकला नाही.

म्हणून पवईला ‘फसलेली योजना’ म्हणायचं का? मी म्हणणार नाही. आग लागली असताना विहिरीचं पाणी गोड आहे की खारं, हे कोणी चाखून बघत नाही. १८८९ मध्ये जो धोका दिसत होता तो खरा होता, आणि तानसा वेळेवर येईलच याची हमी कुणी देऊ शकत नव्हतं. निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. प्रकरण बिघडलं ते नंतर.

विहार आणि तुळशी बांधताना त्यांच्या भोवतालचा पाणलोटही जपला गेला. पाऊस ज्या उतारांवरून तलावात येतो त्या उतारांवर वस्ती नको, गुरं नको, शेती नको, असा त्यामागचा साधा विचार. ते रान टिकलं आणि पुढे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा भाग झालं. आज विहारच्या काठावर परवानगीशिवाय जाता येत नाही. लहानपणी आम्हाला हा जुलूम वाटे. एवढा मोठा तलाव, आणि बघायचासुद्धा नाही? आता वाटतं, तो बंद दरवाजा म्हणजेच जलशुद्धीकरणाची पहिली पायरी होती.

पवईच्या उतारांना तसा दरवाजा लाभला नाही. बांध आणि पाणी महापालिकेचं, भोवतालची जमीन दुसऱ्यांची. तलाव पिण्यासाठी वापरात असता तर वरच्या टेकडीवर सुरुंग लागल्याबरोबर जलअभियंता खात्यातून पत्र गेलं असतं. ‘पाणी पिण्याचं नाही’ हे एकदा ठरल्यावर पत्र लिहायला कारण उरलं नाही. टेकड्यांवर दगडाच्या खाणी चालल्या, उघड्या पडलेल्या उतारांची माती पावसाबरोबर तळाशी बसत गेली आणि आधीच उथळ असलेला तलाव आणखी उथळ झाला. १९४० च्या दशकाच्या शेवटी आसपास कारखाने आले, आरेची दुग्ध वसाहत झाली. १९५८ मध्ये आयआयटी आली. १९८० नंतर समोरच्या अंगाला टोलेजंग इमारतींचं नवं उपनगर उभं राहिलं, आणि त्या उपनगराला लागणाऱ्या माणसांच्या वस्त्याही त्याच्या सोबतीने वाढल्या. इमारतींच्या जाहिरातीत ‘लेक व्ह्यू’ असतो. खिडकीतून तलाव दिसतो, आणि मोरीतलं पाणी कुठे जातं हे खिडकीतून दिसत नाही.

एक आकडा मला बरेच दिवस सोडत नाही. महापालिकेच्या सांगण्याप्रमाणे अलीकडच्या वर्षांत पवई तलावात दिवसाला सुमारे १ कोटी ८० लाख लीटर सांडपाणी येत होतं. १८८९ मध्ये या तलावातून शहराने दिवसाला ९० लाख लीटर पाणी घ्यायचं, असा हिशेब होता. शहराने जेवढं मागितलं होतं, बरोबर त्याच्या दुप्पट परत केलं. फक्त ते वापरून झालेलं.

या सांडपाण्याची खूण म्हणजे जलपर्णी. तिला नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) लागतं, आणि दोन्ही मैल्यात आणि साबणाच्या पाण्यात भरपूर. तिची गादी पसरली की खालच्या पाण्यात ऊन जात नाही, ऑक्सिजन उरत नाही, मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. दर काही महिन्यांनी यंत्रं उतरतात, हजारो टन हिरवा चोथा ट्रकमध्ये भरला जातो, महिनाभर तलाव स्वच्छ दिसतो. मग कोपऱ्यातून पुन्हा हिरवा ठिपका. तापाच्या माणसाच्या कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवण्यातलाच हा प्रकार. पट्टी ठेवू नये असं नाही, पण ताप तिने जात नाही. राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेतही पवई होता, पाण्यात हवा सोडण्याचे आणि जीवाणू सोडण्याचे प्रयोग झाले. सांडपाण्याची तोंडं उघडी असताना कोणता जीवाणू किती खाणार?

एवढं होऊनही तलावात जीव आहे, ही या प्रकरणातली मला सगळ्यात नवलाची वाटणारी गोष्ट. पवईत मगरी आहेत. हिवाळ्यात सकाळी ऊन खात काठावर, बेटावर पडलेल्या दिसतात. आयआयटीच्या बाजूला काठावर पद्मावतीचं देऊळ आहे. पवई हे नाव तिच्यावरूनच आलं असं सांगतात. देवी, मगर, गळ टाकून बसलेले हौशी मासेमार, अनंत चतुर्दशीला दक्षिणेच्या घाटावर विसर्जनाची रांग आणि मागे काचेच्या इमारती, असं सगळं एका नजरेत मावणारी जागा मुंबईत दुसरी नाही.

मगरींमुळेच २०२१ मध्ये पवई पुन्हा गाजला. महापालिकेने तलावाभोवती सायकल आणि जॉगिंगसाठी मार्ग करायला घेतला. काठाला जाळ्यांत दगड भरून, म्हणजे गॅबियन पद्धतीने बांधणी. ही भर नाही, दगडांतून पाणी आरपार जातं, असं महापालिकेचं म्हणणं. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं, की पाण्याची कड म्हणजे मगरीचं घरटं घालण्याचं ठिकाण, तिथे दगड पडले की घर गेलं. आयआयटीतल्या संशोधक विद्यार्थ्यांनी उच्च न्यायालयात याचिका केली. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हे काम बेकायदा ठरवलं, ते थांबवायला आणि झालेलं बांधकाम काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं.

निकाल मला पटतो. पण त्यातली एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. पवई ही पाणथळ जागा मानायची की नाही, यावर पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांमुळे वाद रंगला. पिण्यासाठी माणसाने बांधलेले जलाशय त्या नियमांच्या व्याख्येतून वगळले आहेत. बघा कशी अवस्था : पाणी पिण्याचं नाही म्हणून पाणीपुरवठ्याच्या खात्याचं कडक लक्ष नाही, आणि बांधला मात्र पिण्यासाठी, म्हणून पाणथळ जागेचं संरक्षण द्यायलाही खळखळ. ना घरका ना घाटका म्हणतात तसं, फक्त इथे घाट आहे, विसर्जनाचा.

आता दर वर्षीच्या त्या बातमीकडे वळू. पवई इतर तलावांच्या आधी का भरतो? लोक म्हणतात लहान आहे म्हणून. अर्धंच खरं. ६.६१ चौरस किलोमीटरवर १ मीटर पाऊस पडला तर हिशेबाने ६६१ कोटी लीटर पाणी होतं. जमिनीत मुरणारं वजा केलं तरी ५४५.५ कोटींच्या तलावासाठी हा पाऊस मोठा आहे. विहारचा पाणलोट १८.९६ चौरस किलोमीटर, म्हणजे त्याच १ मीटर पावसात १,८९६ कोटी लीटर, पण क्षमता २,७६९.८ कोटी. विहारला भरायला जास्त पाऊस लागतो. शिवाय विहारचं पाणी वर्षभर उपसलं जातं, उन्हाळ्यात तो खाली जातो. पवईतून फारसं काही उपसलं जात नाही. त्यामुळे जून उजाडतो तेव्हा त्याच्या पोटात जुनं पाणी असतंच. पवई लवकर भरतो हे पावसाचं कौतुक कमी आणि तलाव वापरात नसल्याची साक्ष जास्त आहे.

ओसंडलेलं पाणी मिठीला जातं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने काय केलं ते सगळ्यांना आठवतं. त्या पुराचं खापर पवईवर फोडणं चूक आहे, त्या दिवसाच्या पावसापुढे हा तलाव म्हणजे ओंजळ. तरी अभियंत्यांना विचारावासा वाटतो तो प्रश्न असा : पिण्यासाठी नको असलेला तलाव पावसाळ्याच्या तोंडावर मुद्दाम थोडा रिकामा ठेवला, तर रोजच्या मुसळधार पावसात खालच्या मरोळ-कुर्ल्याला थोडीफार उसंत मिळेल का? पुराचं पाणी अडवणारा तलाव रिकामा हवा असतो, आणि शोभेचा तलाव भरलेला. बाल्कनीतून बघणाऱ्यांना कोणता आवडतो, ते सांगायला नको.

भरलेला तलाव ही हल्लीच्या शहराची हौस आहे आणि सांडपाण्याच्या योजनेची खरी परीक्षा तिथेच होईल. काठाला येणारं सांडपाणी अडवून वेगळ्या वाहिनीतून नेणं, काहीसाठी तलावाजवळ दिवसाला ८० लाख लीटर क्षमतेचं प्रक्रिया केंद्र, अशी महापालिकेची आखणी आहे. व्हायला हवी ती हीच गोष्ट, आणि उशिराच. पण सांडपाणी बंद झालं की काय दिसेल, याची तयारी मला कुठे दिसत नाही. १ कोटी ८० लाख लीटर पाणी २.२३ चौरस किलोमीटरवर पसरलं की दिवसाला सुमारे ८ मिलिमीटरचा थर होतो. उन्हाळ्यात तलावावरून दिवसाला वाफ होऊन जाणारं पाणीही काही मिलिमीटरच असतं. म्हणजे एप्रिल-मेमध्ये पवईची पातळी बऱ्याच अंशी सांडपाणीच धरून ठेवत असावं, असा माझा अंदाज आहे. ते थांबलं की पाणी मागे सरेल, गाळाची काळी कड उघडी पडेल, जलपर्णी तिथे वाळून पडेल, आणि एखाद्या मे महिन्यात ‘पवई तलाव आटला’ अशी छायाचित्रं फिरू लागतील. लोक चिडतील, नगरसेवकाला फोन जातील, टँकरने पाणी सोडा म्हणतील.

तेव्हा कुणीतरी सांगायला हवं, की विहार दर मे महिन्यात असाच खाली जातो. तो फक्त कुणाच्या बाल्कनीतून दिसत नाही.